कोंबडीची पिसं जाऊ लागली तर आधी खुराड्याची जमीन पाहा

परसात कोंबड्या पाळायला लागून मला सोळा वर्षं झाली. चिपळूणच्या बाजूला घर, मागे आंबा-फणस आणि त्यांच्या सावलीत चिऱ्याचं खुराडं. कधी बारा कोंबड्या असतात, कधी वीस. एवढ्या वर्षांत आजूबाजूच्या वाड्यांतून सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार एकच आहे: "कोंबडीची पिसं चाललीत, काय औषध देऊ?"

यातल्या निम्म्याहून अधिक कोंबड्यांना औषधाची गरजच नव्हती. पिसं जाण्याची कारणं सहा-सात आहेत आणि लांबून सगळी सारखीच दिसतात: उघडं पडलेलं लालसर कातडं आणि केविलवाणी कोंबडी. कारण न शोधता पावडर मारली, तर कोंबडीला त्रास होतो, अंड्यांत विष उतरतं आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रमच इथे लिहिते. पहिल्या चार तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

लक्षणं: पिसं कुठली गेली?

कोंबडी उजेडात धरा आणि उघडी जागा नेमकी कुठे आहे ते बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

- डोकं आणि मानेपासून सुरुवात होऊन सगळं अंग विरळ झालं, जागोजाग काट्यासारखे कोंब दिसतात, अंडी थांबली: ही झड आहे.
- पाठ आणि डोक्याची मागची बाजू उघडी, बाकी अंग भरलेलं: कोंबडा.
- फक्त छाती-पोट उघडं, कोंबडी अंडी घालायच्या खोपटातून उठत नाही: खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी.
- शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या शेवटाला तुटकी खुंटं: दुसरी कोंबडी टोचते आहे.
- शेपटीखालची, विष्ठेच्या जागेभोवतालची पिसं मळकट, चिकटलेली, विरळ: उवा किंवा बारीक किडे.
- गळ्याची पुढची बाजू झिजलेली: जाळीतून मान काढून खाणारी कोंबडी. जाळीची भोकं मोठी करा किंवा खाद्याचं भांडं आत ठेवा, विषय संपला.

पिल्लापासूनच मान उघडी असेल तर तो आजार नाही. उघड्या मानेची कोंबडी ही जातच आहे आणि आपल्या उकाड्यात ती उलट चांगली टिकते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणावर 'हितकारी' नावाची जात तयार केली. उलट्या, कुरळ्या पिसांच्या कोंबडीचंही तसंच, तिच्यापासून केलेली जात 'उपकारी'. बाजारातून अशी कोंबडी आणून तिला तेल चोपडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सांगून ठेवलं.

पहिली तपासणी: जमीन

सकाळी कोंबड्या सोडल्या की खुराड्यात वाका आणि तूस हाताने उकरून बघा. जमिनीवर पिसं पडली आहेत का?

हीच तपासणी बहुतेक जण करत नाहीत. झड असेल तर खुराडं पिसांनी भरतं, उशी फाटल्यासारखं दिसतं. पण कोंबडी उघडी पडत चालली आहे आणि जमिनीवर मात्र एकही पीस नाही, असं असेल तर ती पिसं कुणीतरी खाते आहे. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून गिळतात. जमीन स्वच्छ दिसणं ही इथे धोक्याची खूण आहे, आणि ती कातडं उघडं पडायच्या आधीच दिसू लागते.

पिसं सापडली तर त्यांचं टोक बघा. आपोआप गळलेल्या पिसाचा देठ गुळगुळीत आणि पूर्ण असतो. मधूनच मोडलेलं, चावल्यासारखं पीस टोचण्याचं किंवा कोंबड्याच्या पायांचं असतं.

दुसरी: महिना कोणता, कोंबडीचं वय किती

दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसं टाकते. आमच्याकडे हे दसऱ्याच्या आसपास सुरू होतं आणि मार्गशीर्षापर्यंत चालतं. पहिली मोठी झड साधारण पंधरा ते अठरा महिन्यांच्या वयात येते. क्रम ठरलेला असतो: डोकं, मान, छाती, अंग, पंख आणि शेवटी शेपटी. दोन ते तीन महिने लागतात. पिसाचा ८५ ते ९० टक्के भाग प्रथिनांचा असतो. ती प्रथिनं अंड्यातून काढून पिसात घातली जातात, म्हणून अंडी बंद होतात.

शेजारच्या काकूंनी अशाच दिवसांत एक उत्तम गावरान कोंबडी 'वाया गेली' म्हणून विकली. पंधरवड्यात तिच्या मानेवर निळसर कोंब फुटले आणि संक्रांतीनंतर ती विकत घेणाऱ्याच्या दारात रोज अंडी घालू लागली. काकू आजही हळहळतात.

झडीच्या कोंबडीला औषध नाही, फक्त चांगलं खाणं आणि शांतता हवी. नव्या कोंबांत रक्त असतं, त्यामुळे धरलं की दुखतं. या काळात तिला उगाच उचलू नका.

तिसरी: खुडूक आणि कोंबडा

खुडूक कोंबडी अंड्यांना ऊब लागावी म्हणून छातीची पिसं स्वतःच उपटते. अंड्यांवर बसवायची असेल तर एकवीस दिवस बसू द्या, पिसं मागाहून येतात. बसवायची नसेल तर खालून हवा खेळेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाणं-पाणी द्या. पोटाला गारवा मिळाला की खूळ उतरतं.

कोंबड्याचं गणित दहाला एक असं ठेवा. सहा कोंबड्यांत दोन नर असतील तर पाठी उघड्या पडणारच. नर एकच असला तरी त्याच्या एक-दोन आवडत्या असतात आणि फक्त त्यांचीच पाठ सोलली जाते. नराला दोन-तीन आठवडे वेगळा करा. पायामागचा काटा टोकदार असेल तर कानशीने फक्त टोक बोथट करा. काट्याच्या आत जिवंत हाड असतं, खोल गेलात तर रक्त येतं.

चौथी: स्टूल घेऊन बसा

आता टोचणाऱ्या कोंबडीकडे. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कोंबड्या खुराड्याकडे वळायच्या आधी, वीस मिनिटं गप्प बसून बघा. हातात खाणं नको, नाहीतर सगळ्या तुमच्याभोवतीच जमतील.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. माझ्या गिरिराजा जातीच्या एका तलंगेच्या, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबडीच्या, शेपटीमागे रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. उवा नव्हत्या, जमिनीवर पीस नव्हतं. मी बसले. एक थोराड तपकिरी कोंबडी तलंगेच्या मागे मागे, अगदी सहज, चरत असल्यासारखी चालत होती. मग मान पुढे, टक् असा बारीक आवाज, आणि तलंग अंग आक्रसून दोन पावलं पुढे सरकली. तपकिरीच्या चोचीत पांढऱ्या बुडाचं पीस होतं. तिने ते जमिनीवर एकदा घासलं, सरळ केलं आणि देठाकडून गिळलं. भांडण नाही, ओरडणं नाही. दहा मिनिटांत असं चार वेळा झालं.

हे भांडणातलं टोचणं नव्हे. भांडणात कोंबड्या डोक्यावर, तुऱ्यावर मारतात, ते काही दिवसांत थांबतं. पिसं उपटून खाणं मात्र आपोआप थांबत नाही, आणि बाकीच्या ते बघून शिकतात.

त्या दिवशी तपकिरीला वेगळ्या डालग्याखाली झाकलं आणि आठवडाभर दूर ठेवलं. वेगळी करायची ती टोचणारी, हे लक्षात ठेवा. मार खाणारीला काढलं तर टोचणारी दुसरी धरते. शिवाय आठ दिवसांनी परत आल्यावर टोचणारीचा कळपातला तोरा उतरलेला असतो. पण एवढ्याने भागत नाही. तिला ती सवय का लागली, हे सातव्या तपासणीत आहे.

मुळासकट उपटलेलं पीस सहा-आठ आठवड्यांत पुन्हा येतं. मोडून खुंट राहिलेलं पीस पुढच्या झडीपर्यंत तसंच राहतं. इलाज बरोबर झाला तरी काही जागा महिनोन्महिने उघड्या दिसतात, त्या याच कारणाने. तेव्हा घाबरून नवं औषध सुरू करू नका.

पाचवी: हातात धरून उवा बघा

कोंबडी काखेत धरा, शेपटी वर करा, विष्ठेच्या जागेभोवतालची पिसं दोन्ही अंगठ्यांनी पटकन बाजूला करा. पटकन अशासाठी, की उजेड दिसताच उवा पळतात. त्या पिवळट, चपट्या, तांदळाच्या बारीक कणीएवढ्या असतात. पिसाच्या बुडाशी पांढरे, मिठाचे खडे चिकटल्यासारखे गुच्छ दिसले तर ती त्यांची अंडी. काळे-तांबडे ठिपके चालताना दिसले आणि पिसं काळपट मळली असतील, तर ते अंगावरच राहून रक्त पिणारे किडे. ते तुमच्या हातावरही चढतात आणि चावतात, पण माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत. साबणाने हात धुवा, कपडे बदला.

पहिला इलाज राखेचा. चुलीची चाळलेली कोरडी राख, कोरडी माती आणि रेती मिसळून पत्र्याखाली एक खोलगट जागा करून द्या. कोंबड्या त्यात लोळतात, बारीक धूळ किड्यांच्या अंगावर बसते आणि ते मरतात. ही जागा कोरडी राहिली पाहिजे. पावसाळ्यात कोंबड्यांना लोळायला कोरडी माती मिळत नाही, म्हणूनच श्रावणात उवा सर्वाधिक होतात. मी जुन्या ट्रकच्या टायरात राख भरून पडवीत ठेवते. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख घेऊ नका.

राखेने भागलं नाही तर कोंबड्यांसाठीचं औषध, पशुवैद्यकाने सांगितलेल्या मापात. दुकानदाराला तीन गोष्टी विचाराच: कोंबड्यांना चालतं का, मिसळायचं किती, आणि त्यानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत. एकदा वापरून थांबू नका. औषधाने उवा मरतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. सात ते दहा दिवसांनी नवी पिढी बाहेर येते, तेव्हा दुसरी फेरी हवीच. "औषध लागू पडलं नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसरी फेरी केलेलीच नसते.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून गॅमॅक्सिनचं नाव असतं. ती बी.एच.सी. ही कीटकनाशक पावडर, तिच्यावर भारतात १९९७ मध्येच बंदी आली. माळ्यावर जुना पुडा सापडला तरी वापरू नका, तो विषारी अंश कोंबडीच्या चरबीत साठतो आणि अंड्यातून घरातल्या मुलांच्या पोटात जातो. शेतावरचं फवारणीचं औषधही नको.

सहावी: रात्री बॅटरी घेऊन जा

दिवसा अंगावर काही सापडत नाही, तरी कोंबड्या खंगत चालल्या आहेत, तुरे फिकट पडले आहेत, आणि संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नाहीत. असं असेल तर शत्रू कोंबडीवर नाही, खुराड्यात आहे. तांबडे किडे आणि कोंबडगोचीड दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात.

माझ्या कोंबड्या एका वैशाखात सलग चार दिवस आंब्यावर चढून बसल्या. मला वाटलं, उकाड्याने असेल. रात्री दहाला त्यांच्या बसायच्या बांबूखालून पांढरं जुनं धोतर फिरवलं, तर त्यावर रक्ताच्या बारीक रेघा उठल्या. बांबू उभा चिरला तेव्हा आतली पोकळी राखाडी-तांबड्या किड्यांनी हलत होती. कोंबड्यांना ते चार दिवस आधी कळलं होतं.

तेव्हापासून मी बसायला बांबू वापरत नाही, साल काढलेली गुळगुळीत लाकडी दांडी वापरते. किडे सापडले तर तूस सगळं बाहेर काढून जाळा, गोणपाटं जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, दांडीची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे विशेषकरून. वाळल्यावर चुन्याचा जाड हात मारून फटी बुजवा. आठवड्याने पुन्हा उकळतं पाणी. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून काम होत नाही, हे किडे कित्येक महिने उपाशी राहू शकतात.

सातवी: जागा, उजेड, खाणं

इथे थोडा खर्च येतो, पण टोचण्याचं खरं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. त्या आषाढात माझंच काय चुकलं होतं ते सांगते. आठ दिवस पावसाची झड लागली होती म्हणून कोंबड्या आतच कोंडलेल्या. गारठा लागू नये म्हणून रात्रभर दिवा चालू. आणि खायला नुसती कणी. तिन्ही गोष्टी एकदम जमल्या.

जागा: आत दर कोंबडीला तीन ते चार चौरस फूट, बाहेर आठ ते दहा. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोपट, आणि ते अंधारं. उजेडातल्या खोपटात अंडं घालताना कोंबडीचं बाहेर आलेलं लालसर अंग दुसरीला दिसतं आणि ती तिथे टोच मारते. खोपटाला गोणपाटाचा पडदा लावला तरी पुरतं, फक्त तो दर पंधरवड्याला उन्हात टाका.

उजेड: रात्रभराचा प्रखर दिवा बंद. दिवस आणि दिवा मिळून सोळा तासांच्या वर नको.

खाणं: कणीत प्रथिनं ७-८ टक्के, मक्यात ९ च्या आसपास. अंडी घालणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. जी तूट राहते ती भरून काढायला ती दुसरीच्या अंगावरची प्रथिनं, म्हणजे पिसं, शोधते. मी सकाळी तयार लेअर खाद्य (अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचं) देते आणि संध्याकाळी कणी. त्याशिवाय आठवड्यातून तीनदा जवळा: दहा कोंबड्यांना ओंजळभर, आणि सुकट खारवलेली असेल तर दोन पाण्यांतून धुऊन, पिळून. शेंगदाण्याची पेंड प्रथिनांनी भरलेली असते, पण पिसाला लागणारं मेथिओनीन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, तिच्यात कमी असतं, मासळीत चांगलं असतं. शिवाय पावसाळ्यात पेंडीला बुरशी येते आणि त्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही. कुबट वास आला की टाकून द्या. वारुळाजवळची वाळवी, शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) ही फुकटची भर.

नुसत्या धान्यावरच्या कोंबडीला मिठाचीही तूट पडते, आणि तेही टोचण्याचं कारण आहे. १ किलो खाद्याला ३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा, नीट मिसळून. तयार खाद्य देत असाल तर मीठ आधीच घातलेलं असतं, वरून अजिबात घालू नका. जास्त मिठाने कोंबडी मरते.

पावसाच्या दिवसांत आत चोचीच्या उंचीवर माठाची जुडी किंवा कोबीचा अख्खा गड्डा टांगा. तो हलतो, त्या टोचतात, आणि तेवढ्या टोचा एकमेकींच्या पाठीवर पडत नाहीत. माझ्याकडे दिवा बंद, जवळा सुरू आणि कोबी टांगलेला, या तिन्हींनंतर पंधरा दिवसांत जमिनीवर पुन्हा पिसं दिसू लागली. ती सुटी पिसं बघून मला इतका आनंद झाला की मी घरात येऊन सगळ्यांना सांगितलं.

रक्त दिसलं तर

क्रम सोडा, आधी ती कोंबडी बाहेर काढा. लाल रंगावर सगळा कळप तुटून पडतो आणि तासाभरात जीव जातो. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वरून जांभळं जेन्शियन व्हायोलेट. जांभळ्याचा फायदा हा की खालचा लाल रंग झाकला जातो. हळद-खोबरेल खरचटण्यापुरतं ठीक, पण त्याने लाली झाकत नाही. माशा बसणार नाहीत अशा जागी, शक्य तर मच्छरदाणीखाली ठेवा.

इथे थांबा, पशुवैद्यकाला बोलवा

- जखमेत अळ्या पडल्या, किंवा मांस दिसतं आहे.
- शेपटीखालून अंग बाहेर आलं आणि परत जात नाही. स्वतः ढकलू नका.
- पिसांच्या बुडाशी खपल्या आणि कोंडा, पिसं ओढली की हातात येतात. हा कातड्याच्या आतला किडा असू शकतो, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.
- दहा दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या बरोबर मापात करूनही उवा-किडे तसेच.
- कुणी चोच कापायचा सल्ला दिला. घरात ब्लेडने चोच कापू नका, चोचीत नसा आणि रक्तवाहिन्या असतात.
- एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, माना वळल्या, हिरवी हगवण लागली. हा पिसांचा प्रश्नच नाही. मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. मेलेली कोंबडी फाडू नका, खाऊ नका, उरलेल्या विकू नका. त्याच दिवशी कळवा.

तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. जखमेची किंवा पिसांची कोंबडी दवाखान्यात नेताना सकाळी उन्हाच्या आधी न्या, डालग्यावर ओलसर फडकं टाका. सोबत कागदाच्या पुडीत गळलेली पिसं, खाद्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आणि आधी वापरलेल्या औषधाचं रिकामं पाकीट न्या. पण एकदम अनेक मरत असतील तर कोंबडी घेऊन फिरू नका, फोन करून माणूस बोलवा.

बरी झालेली कोंबडी थेट कळपात सोडू नका. चार-पाच दिवस जाळीपलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. मग अंधार पडल्यावर, बाकीच्या दांडीवर डोळे मिटून बसल्या असताना, तिला मधोमध नेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडाल तेव्हा तासभर तिथेच थांबा.